चीनमध्ये इंग्रजीचे मास्तर: कागदपत्रांपासून भाकरीपर्यंत

आधी पासपोर्टचं बोलू. मराठी घरांतून येणाऱ्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं तिथेच अडकलेली असतात.

चीनचा नियम असा की परदेशातून येऊन भाषा शिकवणाऱ्याने शक्यतो स्वतःची मातृभाषा शिकवावी. इंग्रजीपुरतं मातृभाषेचं हे प्रकरण प्रत्यक्षात पासपोर्टवरून ठरतं: ब्रिटन, आयर्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. म्हणजे न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी मुलीला ही नोकरी सहज मिळू शकते, आणि पुण्यात इंग्रजीत एम.ए. करून दहा वर्षं शिकवणारी तिची मावसबहीण बाहेर राहते. वर सांगितलेल्या देशांतली पदवी असेल तर काही शहरांत दार किलकिलं होतं. भारतीय पासपोर्टवर गणित, भौतिकशास्त्र असे विषय आंतरराष्ट्रीय शाळेत किंवा विद्यापीठात शिकवायला जाता येतं, पण ती वाट वेगळी. मुंबई-पुण्यातला एखादा एजंट ‘आधी बिझनेस व्हिसावर जा, तिकडे बदलून देऊ’ म्हणाला तर त्याच्या ऑफिसातून चहा न घेता निघा. बेकायदा काम केल्याचा दंड ५,००० ते २०,००० युआन आहे, प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी, आणि ती एजंटला होत नाही.

नोकरी निवडताना

पदवी लागते, कुठल्याही विषयातली चालते. सोबत दोन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव. तो नसेल तर शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची पदवी, नाहीतर १२० तासांचं टेफलचं, म्हणजे परक्यांना इंग्रजी शिकवण्याच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र. पोलिसांचा दाखला लागतो. वय साठीच्या आत हवं. चीन अपोस्टील करारात, म्हणजे एका शिक्क्यावर परदेशी कागद मान्य करण्याच्या करारात, आला आणि ७ नोव्हेंबर २०२३ पासून तो तिथे लागू झाला, त्यामुळे ब्रिटन-अमेरिकेतल्या कागदांची वकिलातीतली वारी वाचली. पदवी भारतातली असेल तर तिच्या प्रमाणीकरणाचं थेट चिनी वकिलातीच्या व्हिसा विभागाला विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

जागा साधारण पाच प्रकारच्या: सरकारी शाळा, बालवाडी, विद्यापीठ, आंतरराष्ट्रीय शाळा आणि खासगी क्लास. जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफ्यावर चालणाऱ्या शिकवण्यांवर टाच आणली आणि क्लासचा धंदा एका उन्हाळ्यात बसला. जे उरले ते प्रौढांना शिकवतात, नाहीतर नाव बदलून काहीबाही करतात. जन्मदर घसरल्यामुळे बालवाड्याही बंद पडताहेत. पहिल्या वर्षासाठी सरकारी शाळा किंवा विद्यापीठ बरं, असं माझं मत. विद्यापीठात पगार कमी, पण तास कमी आणि राहायला आवारातच खोली. शाळेत पगार बरा आणि रोजचा दिवस बांधलेला.

गोऱ्या चेहऱ्याची हौस तिथेही आहे. पासपोर्ट अमेरिकन असला तरी ‘पालकांना वेगळं काही अपेक्षित असतं’ असं आडून सांगणाऱ्या जागा भेटतात. म्हणून मुलाखत व्हिडिओवरच द्या, आणि जिथे शिकवायचंय त्या शाळेतल्याच माणसाशी बोला. तुम्हाला पाहून, ऐकून घेतलेली शाळा नंतर कुरकुर करत नाही.

करारात चार गोष्टी शोधा. पगार बारा महिन्यांचा की दहा? आकडा कर कापण्याआधीचा की नंतरचा? आठवड्याचे तास म्हणजे वर्गातले तास, की स्टाफरूममध्ये बसून राहण्याचेही? आणि मध्येच सोडलं तर भरपाई किती? कराराची चिनी प्रत शेवटची मानली जाते, तेव्हा ती कुणाकडून तरी वाचून घ्या. इंग्रजी प्रतीत नसलेली ओळ चिनीत सापडू शकते.

पहिला महिना: क्रम मोडू नका

शाळा कामाच्या परवान्याचं सूचनापत्र पाठवते, त्यावर झेड व्हिसा मिळतो. हा व्हिसा फक्त आत शिरण्यापुरता. तिथे पोचल्यावर तीस दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. इथून पुढे प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो.

पहिले २४ तास: पोलीस नोंदणी. हॉटेलात उतरलात तर हॉटेल करतं. घरी किंवा शाळेच्या खोलीत उतरलात तर स्वतः चौकीत जायचं, शाळेचा माणूस सोबत घेऊन. काही शहरांत मोबाइलवरून होतं. मिळालेल्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा, पुढे दहा ठिकाणी मागतात. घर बदललं की पुन्हा नोंदणी.

त्यानंतर फोनचं सिम. चायना मोबाइल, युनिकॉम किंवा टेलिकॉम, पासपोर्ट घेऊन दुकानात. मग त्याच नंबरवर बँक खातं. आता खरी गोम ऐका: निवास परवान्यासाठी तुमचा पासपोर्ट पोलीस खात्याकडे जमा होतो आणि पंधरा कामकाजाचे दिवस तिकडेच राहू शकतो. हातात फक्त फोटोची पावती. पासपोर्ट जमा करण्याआधी सिम आणि बँक उरकलेली नसेल, तर पहिल्या पगारापर्यंत लोकांकडे हात पसरत बसावं लागतं. शाळेतल्या परदेशी शिक्षकांचं पाहणाऱ्या माणसाला हे आठवेलच असं नाही. तुम्हीच आठवण करा.

बँकेत नावाचा घोळ होतो, आणि मराठी नावाचा हमखास होतो. चिनी नाव दोन-तीन अक्षरांचं. आपलं स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव, सगळं पासपोर्टवर. क्लार्क ते कधी आडनाव आधी घालून भरतो, कधी मधलं नाव गाळतो, कधी दोन नावं जोडून टाकतो. खात्यावर ज्या क्रमाने, जितक्या मोकळ्या जागा ठेवून नाव चढलं, अगदी तसंच अलीपे (पैसे देण्याचं अ‍ॅप) आणि वीचॅट (निरोप आणि पैसे दोन्हींचं अ‍ॅप) यांवर टाकावं लागतं. एक जागा कमी पडली तरी कार्ड जोडलं जात नाही आणि पडद्यावर ‘माहिती जुळत नाही’ एवढंच येतं. क्लार्ककडून नोंदीची छापील प्रत मागून घ्या आणि ती पाकिटात ठेवा.

परवान्यासाठीची वैद्यकीय तपासणी सकाळी उपाशीपोटी. रक्त, ईसीजी, एक्स-रे, सोनोग्राफी. हातात एक फॉर्म घेऊन या खोलीतून त्या खोलीत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का. रांग भराभर सरकते, कुणी जास्त बोलत नाही.

खातं उघडेपर्यंत भारतातलं किंवा परदेशातलं व्हिसा-मास्टरकार्ड अलीपेला जोडून भागवा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यावर ३ टक्के. भाजीवालीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड असतो. दुकानात एकच प्रश्न विचारतात: मी तुम्हाला स्कॅन करू, की तुम्ही मला? रोख नाकारणं कायद्याने मना आहे, पण शंभराची नोट दिली तर सुट्ट्यांसाठी दुकानदार शेजारी धावतो.

घर

शाळेने खोली दिली तर पहिलं वर्ष ती घ्या, कशीही असो. स्वतः भाड्याने घ्यायचं तर एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ असा रिवाज आहे, वर दलाली. म्हणजे किल्ली हातात पडण्याआधी चार-पाच महिन्यांचे पैसे जवळ हवेत, आणि पगार तर महिन्याच्या शेवटी. मालक पोलीस नोंदणीला कागद देईल ना, हे भाव ठरवण्याआधी विचारा. काही मालक परदेशी भाडेकरूची कटकट नको म्हणतात. मीटरचे, भिंतींचे, गादीचे फोटो पहिल्या दिवशी काढून मालकाला वीचॅटवर पाठवून द्या.

नळाचं पाणी पिऊ नका. उकळा, नाहीतर मोठे बाटले मागवा, माणूस खांद्यावरून चौथ्या मजल्यावर आणून देतो.

थंडीचं गणित विचित्र आहे. छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला सरकारी हीटिंग. पेइचिंगमध्ये, म्हणजे बीजिंगमध्ये, ते १५ नोव्हेंबरला सुरू होतं, १५ मार्चला बंद. दक्षिणेला ते नाही. त्यामुळे उणे दहा अंशांच्या पेइचिंगमध्ये घरात टी-शर्टवर बसता येतं आणि शांघाय, हांगचौ, शाओशिंग या भागात पाच अंशांतही वर्गात जाकीट घालून शिकवावं लागतं. खिडक्याही उघड्या ठेवतात, हवा खेळावी म्हणून. त्याच भागात जूनमध्ये झिमझिम पावसाचा मोसम येतो आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर कोकणातल्या आषाढासारखी बुरशी चढते. सामान बांधताना थर्मल आधी टाका.

शाळा

सरकारी माध्यमिक शाळेतला वर्ग म्हणजे चाळीस-पन्नास मुलं, चाळीस मिनिटं. परदेशी शिक्षकाला बहुतेक वेळा एका इयत्तेचे सगळे वर्ग देतात, प्रत्येक वर्ग आठवड्यातून एकदा. म्हणजे सोळा वर्ग आणि सातशेच्या आसपास चेहरे. नावं लक्षात ठेवण्याचा हट्ट सोडा. बसण्याचा तक्ता बानजूरनकडून, म्हणजे वर्गशिक्षकाकडून घ्या आणि बाकावरून बोलवा. फायदा असा की आठवड्याला एकच पाठ तयार करायचा आणि तो सोळा वेळा घ्यायचा. सोमवारी पहिल्या तासाला तो अडखळतो, बुधवारपर्यंत बसतो, शुक्रवारी तुम्हालाच कंटाळा येतो. सर्वांत अवघड वर्ग सोमवारी पहिला येणार नाही असं वेळापत्रक जमलं तर मागून पाहा. बहुधा जमत नाही.

‘हाउ आर यू?’ विचारलंत की पन्नास गळ्यांतून एका सुरात ‘फाइन, थँक यू, अँड यू?’ येतं. पाठ्यपुस्तकाने हे असं घोटून घेतलंय की तापाने फणफणलेलं पोरही तेच म्हणतं. तेव्हा पहिल्या तासाला ते विचारूच नका. माझ्या मते सर्वांत चांगला पहिला पाठ असा: फळ्यावर पाच उत्तरं लिहा. समजा ‘सोलापूर’, ‘दोन’, ‘मांजर’, ‘सकाळी साडेपाच’, ‘पोहे’. मुलांनी प्रश्न शोधायचे. ‘तुमचा जन्म कुठे झाला?’ हे बरोबर आलं की त्या उत्तराभोवती गोल. ‘दोन’साठी ‘तुम्हाला किती बायका?’ असाही प्रश्न येतो आणि वर्गात हशा फुटतो. पण त्या दंग्यात ज्यांनी वर्षभर तोंड उघडलं नसतं अशी दोन-चार पोरं बोलून जातात.

एरवीचं मौन अज्ञानाचं नसतं. व्याकरण त्यांचं पक्कं असतं, लेखी पेपरात ती तुम्हाला चकित करतील. सगळ्यांसमोर चुकायचं नसतं, एवढंच. थेट एकाला उभं करण्याआधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलू द्या, मग विचारा. उत्तर तयार असतं, आणि चुकलं तर ते दोघांचं असतं.

दिवसाला एक ठरलेली लय आहे. सोमवारी झेंडावंदन, सकाळच्या मोठ्या सुट्टीत मैदानावर कवायत, तासांच्या मध्ये ध्वनिक्षेपकावर संगीत लागतं आणि सगळी शाळा डोळे मिटून बोटांनी भुवया-कपाळ चोळते. डोळ्यांचा हा व्यायाम १९६० च्या दशकापासून चालू आहे. दुपारी जेवणानंतर झोप. स्टाफरूममध्ये दिवे बंद होतात, टेबलाखालून घडीच्या खाटा निघतात. साडेबारा ते दोन कुणालाही फोन करू नका, काम कितीही तातडीचं असो. त्यानंतरचा पहिला तास तुमच्या वाट्याला आला तर उभं राहून करायचा खेळ ठेवा, नाहीतर अर्धा वर्ग बाकावरच असतो. उच्च माध्यमिकची मुलं रात्री नऊ-दहापर्यंत शाळेत स्वाध्यायाला बसतात, तेव्हा पेंगण्याचा राग धरू नये.

तुमचा तास परीक्षेत मोजला जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यामुळे रात्री साडेनऊला निरोप येतो: ‘लाओशी (म्हणजे गुरुजी), उद्या तुमचा तास नाही, चाचणी आहे.’ तसंच ‘उद्या दोन तास जास्त’ असंही येतं. यात अपमान शोधू नका. चिनी शिक्षकांनाही तेव्हाच कळलेलं असतं. कधीही काढता येईल असा एक पाठ पेनड्राइव्हवर कायम तयार ठेवा. गूगल, यूट्यूब तिथे उघडत नाही, तेव्हा वर्गात नेटवरून काही लावू असा बेत आखूच नका.

स्लाइडवर भारताचा किंवा आशियाचा नकाशा टाकायचा मोह होतो, विशेषतः ‘मी कुठून आलो’ सांगताना. टाकू नका. अक्साई चीन आणि अरुणाचलच्या रेषा त्यांच्या पुस्तकात वेगळ्या, आपल्या पुस्तकात वेगळ्या, आणि नकाशाबाबत तिथले कायदे कडक आहेत. शहराचा फोटो दाखवा, काम भागतं. राजकारण, तैवान, तिबेट, धर्मप्रसार हे विषय वर्गात नकोत, मुलांनी काढले तरी. उलट सोलापूरचं नाव निघालं तर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं सांगा. चिनी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ ला ते तिकडेच गेले, त्यांची समाधी शिच्याच्वांगच्या शहीद स्मारकात आहे. ख दीह्वा हे त्यांचं चिनी नाव जुन्या पिढीतल्या शिक्षकांना माहीत असतं, आणि ते ऐकल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

१० सप्टेंबर हा तिकडचा शिक्षक दिन. फूल, कार्ड घ्यावं. पाकीट किंवा गिफ्ट व्हाउचर नम्रपणे परत करावं, शिक्षकांना ते घ्यायला बंदी आहे. आणि एखादी आई ‘आमच्या मुलाला रविवारी घरी शिकवाल का’ म्हणेल. पैसे चांगले देईल. परवान्यावर ज्या शाळेचं नाव तिच्याबाहेर कमावणं बेकायदा, वर सांगितलेला दंड इथेही लागतो.

खाणं

मांसाहारी असाल तर हा भाग सोडून पुढे जा, तुमचे तिथे दिवाळी-दसरेच.

शाकाहाऱ्याने ‘वो छ सू’, म्हणजे मी शाकाहारी खातो, हे वाक्य पाठ करावं, पण त्यावर विसंबू नये. स्वयंपाक्याच्या मते फरसबीत टाकलेला खिमा हे मांस नसून चव असते. मापो तोफूतही, म्हणजे तिखट रश्श्यातल्या सोयापनीरातही, खिमा असतो. पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, वर ऑयस्टर सॉस. शाळेच्या खानावळीत डोळ्यांनी पाहून बोट दाखवणं सर्वांत खात्रीचं. घरगुती हॉटेलांत ‘ती सान श्येन’ म्हणजे बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरची, बटाट्याच्या आंबट-तिखट किसासारख्या परतलेल्या सळ्या, अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंडं. एवढ्यावर आठवडा निघतो. बौद्ध मंदिरांच्या आसपास शुद्ध शाकाहारी खानावळी असतात, तिथे कांदा-लसूणही नसतो.

खरं सुख घरी रांधण्यात. बटाटा, फ्लॉवर, वांगी, आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मूग, शेंगदाणे कोपऱ्यावरच्या बाजारात मिळतात. तूरडाळ, हिंग, गव्हाची कणीक ताओबाओ या ऑनलाइन बाजारात शोधा. शाओशिंगजवळच्या खछ्याओत कापडाच्या आणि यीवूत किरकोळ मालाच्या व्यापारापायी खूप भारतीय राहतात, त्यामुळे किराणा आणि हॉटेलं दोन्ही आहेत. ज्वारी तर त्यांच्या घरचीच. गाओल्यांग म्हणतात, तिची कडक दारू गाळतात, पण पीठही विकतात. भाकरी करताना पाणी उकळतं घ्या आणि आधी थोड्याच पिठावर अंदाज पाहा, कारण काही पिठं चिकट वाणाची निघतात. पसरट तवा तिथला इलेक्ट्रिक मिळतो, फुगवायला मात्र गॅसची शेगडी लागते.

येताना कांदा-लसूण मसाला आणा. तूप, लोणी, खवा, ताजी भाजी-फळं, बियाणं यांना कस्टममध्ये मज्जाव आहे. खसखस तर नकोच. अफूच्या झाडाचं बी म्हणून तिथे बाजारात विकायलाही बंदी आहे.

घरच्यांशी बोलणं

इकडे आड, तिकडे विहीर. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही आणि भारताने जून २०२० मध्ये वीचॅटवर बंदी घातली. आईबाबांकडे आयफोन असेल तर फेसटाइम चालतं. नसेल तर मायक्रोसॉफ्ट टीम्स त्यांच्या फोनवर निघण्याआधी घालून, दोनदा करून दाखवून या. भारतीय सिम रोमिंगवर असताना त्याचा डेटा तिकडच्या इंटरनेटवरच्या सरकारी भिंतीतून जात नाही, म्हणून अडीअडचणीला व्हॉट्सअ‍ॅप त्यावर उघडतं. महाग पडतं, पण बँकेचे ओटीपी येण्यासाठी ते सिम चालू ठेवायलाच हवं. घड्याळ अडीच तास पुढे: तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे घरी संध्याकाळचे सात.

सुट्ट्या, दुखणी, निघणं

सुट्ट्यांची यादी सरकार आदल्या वर्षाच्या अखेरीस काढतं. २०२५ पासून सार्वजनिक सुट्ट्या ११ वरून १३ झाल्या. मेख ‘थ्याओशिऊ’ची: सलग मोठी सुट्टी जुळवण्यासाठी शनिवार-रविवार भरून द्यावे लागतात. वसंतोत्सवाच्या आणि १ ऑक्टोबरच्या गर्दीत रेल्वेची तिकिटं १२३०६ या अ‍ॅपवर पंधरा दिवस आधी उघडतात, त्याच मिनिटाला बसा. पासपोर्ट हेच तिकीट. दिवाळीला सुट्टी नाही. तास अदलाबदल करून संध्याकाळ मोकळी काढता येते, आठवडाभर आधी सांगितलं तर.

दवाखान्यात आधी नोंदणीचे पैसे, मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे, मग तपासणी, पुन्हा डॉक्टर. चिनी बोलणारं कुणी सोबत न्या. रुग्णवाहिका १२०, पोलीस ११०. व्हिसा-परवान्याच्या शंकांना १२३६७, इंग्रजीतही बोलतात.

परवाना संपण्याची तारीख फोनमध्ये घाला. मुदतीबाहेर राहिलात तर दिवसाला ५०० युआन, जास्तीत जास्त १०,०००.

नोकरी सोडताना तीस दिवस आधी लेखी कळवा, आणि शाळेचा निरोपसमारंभ होण्याआधी हे कागद हातात घ्या: नोकरी संपल्याचं पत्र, परवाना रद्द झाल्याचा दाखला, शिफारसपत्र, कर भरल्याची नोंद. पहिले दोन नसतील तर दुसऱ्या शाळेत रुजू होता येत नाही. कराची नोंद नसेल तर साठवलेले युआन बँक बाहेर पाठवत नाही. आधी पैसे पाठवा, मग घराची अनामत वसूल करा, मग खातं बंद. चिनी सिम सगळ्यात शेवटी, कारण यातल्या प्रत्येक पायरीचा कोड त्याच नंबरवर येतो.